'स्मृतिचित्रे'मधील देणे आणि घेणे : ख्रिस्ती जीवनातील परस्पर दातृत्वाचा विचार

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांनी आणि समीक्षकांनी या ग्रंथाचे कौतुक प्रामुख्याने तीन कारणांसाठी केले आहे. लक्ष्मीबाईंचा निर्विष विनोद, एका विक्षिप्त प्रतिभावंताबरोबरच्या संसाराचे प्रांजळ चित्रण आणि धर्मांतराच्या अनुभवाचा प्रामाणिक आलेख ही ती तीन कारणे होत. ती योग्यच आहेत. परंतु या तिन्हींच्या मुळाशी असलेल्या एका सूत्राकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे सूत्र देण्याघेण्याचे आहे. या ग्रंथात सतत कोणीतरी कोणाला काही देत असते. पैसा, धान्य, पाणी, आसरा, अक्षर आणि शेवटी श्रद्धा अशा अनेक गोष्टींची येथे देवघेव होते. ही देवघेव कोण करतो, तिची किंमत कोण मोजतो आणि घेणाऱ्याचा मान कसा राखला जातो, हे प्रश्न ग्रंथाच्या अंतरंगात शिरल्यावर टाळता येत नाहीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. त्यामुळे कोकणातील अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात 'स्मृतिचित्रे' हा मुख्य आधार धरून, पंडिता रमाबाईंच्या जीवनकार्याची जोड देऊन, ख्रिस्ती जीवनातील परस्पर दातृत्वाचे स्वरूप तपासले आहे. ख्रिस्ती दातृत्वाची खरी कसोटी देण्यात नसून घेण्यात आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दान आणि सावड

मराठी भाषेत देण्याच्या दोन स्वतंत्र परंपरा आढळतात. पहिली दानाची. दान वरून खाली येते. दाता आणि याचक यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि दात्याला मिळणारे पुण्य परलोकात जमा होते. दुसरी परंपरा सावडीची. लांजा, राजापूर या पट्ट्यातील शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भातलावणीच्या दिवसांत एका घरची माणसे दुसऱ्याच्या शेतात उतरतात आणि पुढे तीच माणसे यांच्या शेतात येतात. येथे मजुरी नाही आणि उपकारही नाही. आज जो देणारा असतो तो उद्या घेणारा असतो, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून सावडीत मान खाली घालण्याचा प्रसंग येत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या देणगीविषयक निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकमेकांत गुंतलेली असल्याचे दाखवले. परतफेडीला वाव न ठेवणारी देणगी घेणाऱ्याला खाली ढकलते, हा त्याच्या विवेचनातून निघणारा अर्थ येथे महत्त्वाचा आहे. सावडीत परतफेडीची वाट खुली असते, तर दानात ती बहुधा बंद असते. ख्रिस्ती जीवनातील दातृत्व या दोहोंपैकी कोणत्या बाजूला झुकते, हा प्रश्न महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत केवळ तात्त्विक राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनांनी अन्न, निवारा आणि शिक्षण दिले. त्याबरोबरच 'पोटासाठी धर्म सोडला' हा आरोपही या समाजाच्या कपाळी आला. हा आरोप देणाऱ्यावर नसून घेणाऱ्यावर आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी.

नव्या करारातील भूमिका

नव्या करारात दातृत्वाविषयी दोन विचार शेजारी शेजारी नांदतात आणि प्रथमदर्शनी ते परस्परविरोधी वाटतात. लूकच्या शुभवर्तमानात येशू यजमानाला सांगतो की, मेजवानीला परतफेड करू शकणाऱ्या श्रीमंत शेजाऱ्यांना न बोलावता गरीब, लंगडे आणि आंधळे यांना बोलवावे. येथे परतफेडीची अपेक्षाच नाकारलेली दिसते. याउलट पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी वर्गणी मागताना समतेचे तत्त्व मांडले आहे. आज एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि उद्या दुसऱ्याच्या विपुलतेने पहिल्याची, अशी ही कल्पना आहे. इतरांना विसावा मिळावा म्हणून देणाऱ्यावर भार पडावा हा आपला हेतू नाही, असेही पौल तेथे स्पष्ट करतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर आध्यात्मिक देणग्यांच्या बदल्यात ऐहिक साह्य करणे हे तो ऋण मानतो.

हा विरोध वरवरचा आहे. लूकमधील बोध हिशेबी देण्याच्या विरोधात आहे, घेण्याच्या विरोधात नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील दोन प्रसंग या दृष्टीने बोलके आहेत. पहिल्या प्रसंगात येशू शोमरोनी स्त्रीजवळ विहिरीवर पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यामुळे ती चकित होते. जिवंत पाणी देऊ पाहणारा आधी स्वतः याचक होतो. दुसऱ्या प्रसंगात येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो, तेव्हा पेत्र नकार देतो. ज्याला स्वीकारता येत नाही त्याला सहभाग नाही, असा त्या प्रसंगाचा अर्थ आहे. देणाऱ्याने मागावे आणि सेवा करणाऱ्याने सेवा स्वीकारावी, या दोन कृतींनी दानाची उतरंड मोडते आणि सावडीला आरंभ होतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे दोन प्रसंग मनात ठेवणे उपयुक्त ठरते.

दात्याच्या घरचा जमाखर्च

टिळकांचे औदार्य ही त्यांच्या चरित्रातील सर्वपरिचित गोष्ट आहे. हातात आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. समोरच्याची गरज दिसली की घरच्या गरजेचा त्यांना विसर पडे. चरित्रकार अशा वृत्तीचा गौरव करतात. लक्ष्मीबाईही तिची थोरवी नाकारीत नाहीत. मात्र त्या वाचकाला स्वयंपाकघराच्या दारातून आत नेतात. बाहेर जे दिले गेले ते आत कमी पडले, ही साधी गोष्ट त्यांच्या निवेदनातून पुनःपुन्हा समोर येते. दाता एक आणि किंमत मोजणारी दुसरी, अशी ही विभागणी आहे. दातृत्वाचे श्रेय एका नावावर जमा होते, पण खर्च मात्र त्या नावावर पडत नाही.

हा उलगडा करताना लक्ष्मीबाईंचा स्वर तक्रारीचा होत नाही, हे त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य होय. त्या हसतात आणि हसवतात. परंतु या विनोदाकडे केवळ स्वभावविशेष म्हणून पाहणे अपुरे ठरते. विनोद ही येथे हिशेब मांडण्याची रीत आहे. पतीच्या उदारपणाची निंदा केली तर कृपण ठरण्याचा धोका, आणि नुसती स्तुती केली तर स्वतःच्या कष्टांवर पडदा पडण्याचा धोका. या दोन्ही धोक्यांतून विनोद त्यांना सोडवतो. पौलाने करिंथकरांना दिलेला इशारा, म्हणजे दातृत्वाने घरच्यांवर भार पडू नये हा विचार, लक्ष्मीबाईंच्या निवेदनात कोणत्याही धर्मशास्त्रीय परिभाषेविना प्रकट होतो. या अर्थाने 'स्मृतिचित्रे' हे ख्रिस्ती दातृत्वाचे वर्णन असतानाच त्याची आतून केलेली समीक्षाही आहे.

पुढे हे घर बदलत जाते. परकी मुले घरात येऊन वाढतात. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांच्या कुटुंबात राहिले. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते आणि त्यांनी ख्रिस्ती व्हावे ही त्या आसऱ्याची अट नव्हती. या टप्प्यावर लक्ष्मीबाई स्वतः दात्या झालेल्या दिसतात. पूर्वी ज्या औदार्याची झळ त्यांना लागली, तेच औदार्य त्या आता जाणतेपणाने आणि सहभागाने करतात. फरक एवढाच की आता देण्याच्या निर्णयात त्यांचा वाटा आहे. परस्परतेचा आरंभ दाता आणि याचक यांच्यामध्ये होण्यापूर्वी दात्याच्या घरातच व्हावा लागतो, हे या बदलातून सूचित होते.

पाणी : घेण्याची अवघड रीत

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे विलक्षण होते. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज ती घरात वापरली जात नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या दृष्टीने दुसऱ्याच्या हातचे घेणे हेच संकट होते. जातिव्यवस्थेचा विचार आपण बहुधा देण्याच्या अंगाने करतो. कोणाला काय दिले जात नाही हे पाहतो. परंतु ही व्यवस्था घेण्याच्या नियमांवरही उभी आहे. वरच्या मानलेल्या जातीने खालच्या मानलेल्या जातीला धान्य द्यावे, वस्त्र द्यावे. मात्र तिच्या हातचे पाणी घेऊ नये. अशा रचनेत दान कितीही वाढले तरी समता वाढत नाही.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींचा वियोग झाला. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी प्रारंभी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. जातिभेद मनुष्यांनी निर्माण केलेला आहे, असा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. परंतु हा निर्णय त्याआधीचा आहे, ही क्रमवारी अर्थपूर्ण आहे. त्यांच्या धर्मांतराचा पहिला टप्पा काही देण्याचा नव्हता, तर घेण्याचा होता. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीच्या कथेत येशू ज्या जागी उभा राहतो, त्या जागी सोवळ्यात वाढलेली ही स्त्री येऊन पोचते. ती पाणी स्वीकारते आणि स्वीकारण्यातून देणाऱ्याला बरोबरीचे स्थान देते.

या संदर्भात आणखी एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. माधुकरी मागणे, वार लावून जेवणे, दक्षिणा घेणे या तत्कालीन ब्राह्मण समाजातील मान्य रीती होत्या. त्या घेण्यात हीनपणा मानला जात नसे. मिशनकडून मिळणारी मदत मात्र 'पोटभरूपणा' ठरली. घेणे दोन्हीकडे सारखेच होते. एका ठिकाणी घेणाऱ्याची प्रतिष्ठा आधीच ठरलेली होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती, एवढाच भेद. म्हणून धर्मांतरित दुष्काळग्रस्तांवरील आरोपाची चिकित्सा करताना केवळ त्यांच्या हेतूंची तपासणी करणे अन्यायाचे ठरते. कोणाचे घेणे समाज सन्मानाचे मानतो आणि कोणाचे लाजिरवाणे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

पंडिता रमाबाई : ऋण आणि स्वातंत्र्य

घेणाऱ्याच्या सन्मानाचा हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी अधिक उघडपणे लढवला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघात राहिल्या. तेथे त्या फुकटच्या पाहुण्या नव्हत्या. भारतात कामासाठी येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे, अशी ती देवघेव होती. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. त्यांच्या पत्रव्यवहारात एक संघर्ष दिसतो. ज्यांनी आश्रय दिला त्यांनी श्रद्धेच्या बाबतीत आज्ञापालनाची अपेक्षा ठेवली आणि रमाबाईंनी ती विनयाने परंतु ठामपणे नाकारली. आश्रयाबद्दल कृतज्ञता आहे, पण विवेकबुद्धी गहाण ठेवलेली नाही, ही त्यांची भूमिका होय. कृतज्ञता आणि आज्ञाधारकता यांच्यात त्यांनी आखलेली ही रेषा परस्पर दातृत्वाच्या विचारात मोलाची आहे.

१८८९ साली मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनाला बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनचे आर्थिक पाठबळ होते. हे साह्य एकतर्फी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या संघटनशक्तीचा मनापासून गौरव केला आणि कृष्णवर्णीयांवरील व मूळ रहिवाशांवरील अन्यायाकडेही डोळेझाक केली नाही. ज्यांचे साह्य घेतले त्यांच्या समाजाची परीक्षा करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. साह्य घेणाऱ्याने आपली दृष्टी परत द्यावी, अशी ही परतफेड म्हणता येईल.

केडगावच्या मुक्ती सदनात हेच तत्त्व संस्थेच्या रचनेत उतरले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो मुली व स्त्रियांना आणून आसरा दिला. या स्त्रिया केवळ आश्रित राहिल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्यांनी हाती घेतली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईतही तेथील मुलींचा हात होता. हे भाषांतर १९२४ साली, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. दुष्काळात ज्यांनी अन्न घेतले त्यांच्याच हातून मराठी वाचकाला ग्रंथ मिळाला. दानाचे रूपांतर सावडीत होणे म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण सहज सापडणार नाही.

मिशन, वेतन आणि देवाचा दरबार

टिळकांच्या ख्रिस्ती जीवनाची सुरुवात एका भेटीपासून झाली. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. अनोळखी माणसाने दिलेली, परतफेडीची कोणतीही सोय नसलेली ही देणगी होती. ती वाचणे हाच तिचा स्वीकार होता. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी दीर्घकाळ काम केले आणि 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. परंतु आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग अपुरा राहिला.

या निर्णयाकडे अनेकदा राष्ट्रीय वृत्तीचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. ते खरे असले तरी देण्याघेण्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ आहे. परदेशी संस्था देणारी आणि देशी कार्यकर्ता घेणारा ही मांडणी कायम राहिली, तर मंडळीत बंधुत्व येणार नाही, ही जाणीव त्यामागे आहे. मात्र लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाचा वाचक येथेही एक प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. वेतन सोडण्याच्या या त्यागाचा भार पुन्हा कोणावर पडला? टिळकांच्या निर्णयाची उंची मान्य करूनही हा प्रश्न उरतोच, आणि तो उरू देणे हे 'स्मृतिचित्रे'चे श्रेय आहे.

अक्षराची परतफेड

परस्परतेचा सर्वांत समृद्ध आविष्कार वाङ्मयात दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी स्वीकारली. टिळकांनी अभंग आणि कीर्तन स्वीकारले. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची धारणा सर्वश्रुत आहे. ख्रिस्ती धर्माने मराठी माणसाला काही दिले हे जितके खरे, तितकेच मराठी संतपरंपरेने ख्रिस्ती उपासनेला शब्द आणि सूर दिले हेही खरे आहे. या व्यवहारात कोणतीही बाजू निव्वळ दाता नाही आणि निव्वळ याचकही नाही.

हाच व्यवहार टिळक पतिपत्नींमध्येही घडला. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. त्यांना अक्षरओळख लाभली ती टिळकांमुळे. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. १९३६ साली त्यांचे निधन झाले आणि १९३८ साली हे काव्य प्रसिद्ध झाले. आज टिळकांची प्रतिमा मराठी मनात जिवंत आहे ती बऱ्याच अंशी 'स्मृतिचित्रे'मुळे. ज्याने अक्षर दिले त्याला अक्षरातूनच आयुष्य परत मिळाले. दिले त्याहून निराळे आणि दिले त्याहून अधिक असे हे परत करणे आहे.

मर्यादा आणि निष्कर्ष

या विवेचनाची एक मर्यादा ग्रंथातच आहे. 'स्मृतिचित्रे'मध्ये घेणाऱ्यांचे जग दिसते ते लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी. घरात वाढलेली मुले, दुष्काळात आधार मिळालेली माणसे, दलित समाजातून आलेले ख्रिस्ती यांचा स्वतःचा आवाज तेथे क्वचित ऐकू येतो. त्यांनी या देण्याघेण्याचा हिशेब कसा मांडला असता, हे जाणून घेण्यासाठी अन्य ख्रिस्ती आत्मकथने, मंडळ्यांची दप्तरे आणि मौखिक आठवणी यांकडे वळावे लागेल. महाविद्यालयीन संशोधनाला तेथे मोठा वाव आहे.

तथापि हाती आलेल्या साहित्यावरून काही निष्कर्ष निश्चितपणे मांडता येतात. पहिला असा की, नव्या करारातील दातृत्व दानापेक्षा सावडीच्या अधिक जवळ आहे. दुसरा असा की, दात्याच्या औदार्याची किंमत त्याच्या घरात कोण मोजते हे पाहिल्याखेरीज त्या औदार्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. तिसरा असा की, जातीने जखडलेल्या समाजात दुसऱ्याच्या हातचे घेणे ही देण्याहून अधिक क्रांतिकारक कृती ठरते. आणि चौथा असा की, घेणाऱ्याने कृतज्ञ असावे, पण आपला विवेक आपल्याजवळ ठेवावा.

गरजूंसाठी निधी, शिष्यवृत्त्या, दत्तक योजना यांच्या याद्या महाविद्यालयांतून आजही दरवर्षी तयार होतात. त्यांत किती दिले याची नोंद काटेकोरपणे होते. ज्यांना दिले त्यांच्याकडून संस्थेने काय घेतले, ही नोंद मात्र सहसा आढळत नाही. लक्ष्मीबाईंच्या हिशेबात तो रकाना आहे. लावणीच्या चिखलात उतरलेल्या शेतकऱ्याच्या हिशेबातही तो आहे. तो भरला जाईल तेव्हाच देणारा आणि घेणारा यांना एका पंगतीत बसता येईल.